माझ्या खोलीपुरती फरशी

"बूट बाहेर काढा."

शेठ काउंटरवरून बोलला. माझ्याकडं पाहून नाई, दारावरच्या पाटीकडं बोट करून. वर्धेतलं टाईल्सचं मोठं दुकान. आतली सगळी जमीन अशी चकचकीत की ट्यूबलाईट वर बी दिसे आन् खाली बी. दाराबाहेर चपलायचा ढीग. भाऊनं सँडल काढले. वयनीनं चपला काढल्या. मी उभी राह्यली.

माझ्या उजव्या पायाले कॅलिपर आहे. लहानपणी पोलिओ झाला, त्याच्यापायी. लोखंडाच्या दोन सळया मांडीपासून खाली येतात आन् बुटाच्या टाचेत घुसतात. बूट आन् सळया एकच आहे. बूट काढला म्हणजे पाय काढला. हे मी शेठले सांगणारच होती. त्याच्याआधी भाऊ म्हणे, "काढ ना. दोन मिन्टाचं तं काम आहे."

मी भाऊकडं पाह्यलं. भाऊ पाटीकडं पाहून राह्यला होता.

काढला. पायरीवर बसली, मांडीचे पट्टे सोडले, गुडघ्याचे सोडले, आन् अख्खा पाय चपलायच्या ढिगाजवळ भिंतीले टेकवून ठेवला. कुबडी बी बाहेरच. म्हणे तिच्या रबराचे काळे डाग पडतात. मंग हातावर भार देऊन, बुडावर सरकत सरकत मी दुकानात शिरली. चाळिशी आली माझी. अंगात नवा सलवार-कुर्ता होता, मी स्वतः शिवलेला, काठाले बारीक पायपिंग लावलेला. तो कुर्ता त्यायची फरशी पुसत चालला होता.

आत एक नवरा-बायको टाईल्स पाहत बसले होते. मी जवळून गेली तं बाईनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. मी काय तिच्या पायावरून जाणार होती? पण घेतले. मले दिसलं.

मले सकाळपासूनच संशय होता.

आमचं गाव सिंदी रेल्वे. तिथं आमचं मातीचं घर होतं. ते पाडलं आन् त्याच जागेवर स्लॅबचं घर उभं होऊन राह्यलं होतं. बाबा गेले. मागं माय, मोठा भाऊ, वयनी आन् मी. भाऊ शाळेत क्लार्क आहे, शेती ठेक्यानं देली आहे. मी शिलाई करते, ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको. घर होईपर्यंत आम्ही समोरच्याच दोन खोल्या किरायानं घेतल्या होत्या. तिथून रोज घर वर चढताना दिसे.

एवढं घर चढलं, मले कोणी एक शब्द विचारला नाई. दरवाजा कुठं काढाचा, विचारलं नाई. ओटा किती उंच बांधाचा, विचारलं नाई. नळ कुठं लावाचा, तेही नाई. मी म्हटलं, जाऊ द्या, उंच लोकायचं घर आहे. आन् त्या दिवशी एकदम भाऊ सकाळी म्हणतो, "तू बी चाल वर्धेले. तुझ्या मनासारखी फरशी घेऊ."

वयनीनं चहाचा पहिला कप मले देला. ज्या घरात चहा मले सगळ्यायच्या मागून भेटते, तिथं पहिला कप हातात आला की मी आधी त्याच्याकडं पाहते. साखर बी बरोबर होती. मंग तं मी अजूनच सावध झाली. पण मनासारखी फरशी म्हटल्यावर जीव लालचावते. गेली.

तुम्ही फरशीवरून चालता. मी फरशीवर राहते. हा फरक एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्या घरात बूट चालत नाई. चामड्याचा आहे, आन् स्वयंपाकघरात देव्हारा आहे. हा नियम वयनीचा नाई, मायचाच, फार आधीपासूनचा. बाहेर मी उभी असते. बायायच्या डोळ्यात पाहून बोलते, गळ्याचं माप घेते, शिलाई सांगते, आन् कमी करत नाई. उंबरठ्यावर आली की बूट काढते आन् जमिनीवर येते. मंग सगळे माझ्याशी वरून बोलतात. मले त्यायच्या टाचा दिसतात. कोणाच्या टाचेले भेगा आहे, कोण कधी मेंदी लावते, मले सगळं माहीत आहे. माझ्या हाताच्या तळव्यायले काय झालं हे कोणाले माहीत नाई.

जुन्या घरातली जमीन शेणानं सारवलेली होती. मी तिचं कौतुक करून राह्यली असं समजू नका. पावसाळ्यात ओल यायची, मुंग्या चावायच्या, कपडे मळायचे. पण ती धरायची. हात ठेवला की हात तिथंच राहे. उठाले कुबडी टेकली की कुबडी तिथंच राहे. आन् सरकताना सोलत नव्हती. मले शेण नको, ओल बी नको. पण धरणारी आन् न सोलणारी जमीन पाह्यजे. एवढंच माझं मन होतं, आन् त्याच्यासारखी फरशी पाहाले मी गेलती.

शेठनं खुर्च्या देल्या. भाऊ बसला, वयनी बसली. माझ्याकडं पाहून तो घोटाळला. मंग भाऊलेच विचारते, "यायले घरात सरकाले लागते का? का व्हीलचेअर आहे?"

"बाहेर चालते," भाऊ म्हणे, "घरात सरकते."

मी तिथंच बसली होती, दोघायच्या मधात, खाली.

"मंग काही टेन्शन नाई," शेठ म्हणे. आन् वयनीकडं वळला. "हॉलचं आन् किचनचं तं आपलं ठरलंच आहे ना ताई? ते पांढरंच?"

"हो, तेच. सोनेरी रेघेचं."

मी वयनीकडं पाह्यलं. वयनी पदर सावरून राह्यली होती. म्हणजे हे आधी येऊन गेलते. हॉल ठरला होता, किचन ठरलं होतं. भिंतीले ते पांढरं उभं करून ठेवलं होतं, दूध सांडल्यावाणी. मी हात लावून पाह्यला. कोरडं असूनही बोट सटकत होतं. ओलं झाल्यावर त्याच्यावर मांजर उभं राहणार नाई, माझी कुबडी कुठून राहते.

मंग ठरवाचं काय राह्यलं होतं? मले कशाले आणलं?

शेठनं माणसाले आवाज देला. त्या माणसानं राखाडी, जाड, वर गोल गोल उंचवटे असलेल्या टाईल्स आणल्या आन् खाली एका ओळीत मांडल्या. मी ओळखल्या. पेट्रोलपंपावर असतात तशा. गाड्या उभ्या कराच्या जागेवर लावतात.

"पार्किंगच्या आहे," शेठ म्हणे. "याच्यावर ट्रक घसरत नाई तं ताई कुठून घसरतील. दिव्यांग लोकायसाठी एकदम बेस्ट. यायच्या खोलीत हेच टाकू."

खोली. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"कोणाची खोली?" मी विचारलं.

भाऊ म्हणे, "घरी सांगतो." शेठ म्हणे, "ताई, जरा याच्यावर सरकून दाखवा ना."

त्याच्या हातात मोबाईल होता. समोर धरलेला.

"एक छोटासा व्हिडिओ घेतो. आपल्या दुकानाच्या पेजवर टाकू. बाकी दिव्यांगायले बी समजल ना कोणती फरशी घ्याची. चांगलं काम आहे."

मी भाऊकडं पाह्यलं. मले वाटलं, आता हा बोलेल. म्हणेल, राहू द्या शेठजी. भाऊ हसला. बारीक हसला, दात न दाखवता. "सरक ना," म्हणे, "काय होते."

आन् मी सरकली.

ते खरं आहे, मी सरकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हात टेकवाचा, बूड उचलाचं, पाय ओढाचा. उंचवटे तळव्यात रुतत होते. मागून शेठचा आवाज येत होता, "पाहा मंडळी, ताई कशा आरामात चालून राह्यल्या." त्या नवरा-बायकोतला नवरा खुदकन हसला. बायकोनं त्याले कोपर मारलं, पण तीही हसली. वाईट नव्हतं ते हसणं. कौतुकाचंच होतं. त्याच्यापायीच मी थांबली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

सिंदीचा तान्हा पोळा आजूबाजूच्या गावात नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडाचे नंदी घेऊन निघतात. चाकं लावलेले, रंगवलेले, कोणाचा हातभर, कोणाचा माणसाएवढा. घरोघर जाचं, बाया नंदीले ओवाळतात आन् पोरायले बोजारा देतात, पैसे, खाऊ, काय असेल ते. मी तेव्हा लहान होती, कॅलिपर अजून आला नव्हता. भाऊनं माझ्यासाठी एक फळी केलती, खाली जुन्या बेरिंग ठोकून. त्या फळीवर बसून मी अख्खी गल्ली फिरे. ती फळी म्हणजे माझं राज्य होतं. भाऊनंच केलती, हे बी सांगते, उगाच त्याचं बाकी ठेवत नाई.

त्या वर्षी आमच्याकडं नंदी नव्हता. भाऊनं माझ्या फळीले दोर बांधला. माझ्या डोक्याले बेगड लावली, गळ्यात घुंगराची माळ घातली, अंगावर मायच्या लुगड्याची झूल टाकली आन् मले ओढत निघाला. मले गंमत वाटली. मी मान हलवून घुंगरू वाजवे. एका व्यापाऱ्याच्या मोठ्या घरासमोर आम्ही थांबलो. त्या घरची बाई ताट घेऊन आली. सगळ्या नंदीयले ओवाळलं आन् मंग मले ओवाळलं. म्हणे, "अगं बाई, हा नंदी तं हसते बी." ओट्यावरचे सगळे हसले. कौतुकानं. मीही हसली. त्या बाईनं आम्हाले दुप्पट बोजारा देला. घरी येताना भाऊ खुश होता, म्हणे पुढच्या वर्षी बी तुलेच नेईन.

दुकानात तेच हसणं होतं. मोबाईल माझ्यावर धरला होता आन् भाऊ खुर्चीवर बसला होता, दोर हातात नसलेला.

मी तळवा पाह्यला. लाल झाला होता, अंगठ्याच्या खाली सोललं होतं. मी शेठले म्हटलं, "हे सोलते. रोज सरकली तं कातडी राहणार नाई."

"सवय होऊन जाईल ताई."

"ते पांढरं घसरते. हे सोलते. मधातलं काही नाई का तुमच्याकडं?"

"मॅट आहे ना," शेठ म्हणे. "घसरत बी नाई, सोलत बी नाई. पण त्याले चमक नसते. बाथरूममधी लावतात, हॉलमधी कोणी लावत नाई. आन् आपण सध्या तुमच्या खोलीपुरतंच पाहून राह्यलो."

हे बोलून तो भाऊशी चहाचं बोलाले लागला. मी सरकत बाहेर आली. माझा पाय भिंतीवरून घसरून चपलायच्या ढिगात आडवा पडला होता. कोणाची तरी चप्पल त्याच्यावर पडली होती. ती उचलली, बाजूले ठेवली, पट्टे बांधले.

परत आल्यावर मी सरळ बांधकामावर गेली. घरात अजून नुसतं काँक्रीट होतं. बूट घालूनच फिरली, काँक्रीटले कोणाचा देव नसते. मागच्या बाजूले, जिथं आमचा गोठा होता, तिथं एक खोली काढली होती. मले वाटलं होतं ती धान्याची आहे. तिले बाहेरून वेगळं दार होतं, मागच्या गल्लीत उघडणारं. तिलेच लागून न्हाणी-संडास. आन् त्या खोलीतून हॉलमधी येताना मधात उंबरठा होता, माझ्या वितीपेक्षा उंच. बाकी अख्ख्या घरात उंबरठा नाई. तिथंच आहे.

भाऊ मागून आला. "ही तुझी खोली," म्हणे. "सगळी सोय केली तुझी. संडास बाजूले, दार वेगळं. गिऱ्हाईकं मागूनच येतील, मागूनच जातील. तुले आता घरभर फिराची गरजच नाई पडणार."

"उंबरठा काऊन आहे?"

"तुझ्याकडची फरशी जाड आहे ना, ती दिसू नये हॉलमधून. आन् न्हाणीचं पाणी हॉलमधी येऊ नये."

मी दारात उभी राहून हिशेब लावला. स्वयंपाकघरात जाचं तं हॉल ओलांडा लागते. हॉलमधी पांढरं. वयनी दोन वेळा पोछा मारते, म्हणजे ओलं पांढरं. बूट घालून जाता येणार नाई, देव आहे. कुबडी नेता येणार नाई, डाग पडतात. सरकत जाचं तं आधी उंबरठा चढा लागते. म्हणजे मी जाणारच नाई. मले ताट येईल. पहिले कोणी आणून देईल, दोन शब्द बोलेल. मंग उंबरठ्यावर ठेवून जाईल. टीव्हीचा आवाज येईल. पाहुणे आले की आवाज येईल. मी मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवत बसेन, आन् लोक म्हणतील, भावानं पाहा बहिणीची कशी सोय केली.

कोणी मले घराबाहेर काढलं नव्हतं. नुसती फरशी बदलली होती.

संध्याकाळी मी मायले सांगतलं. माय भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाई. "बाई," म्हणे, "जास्तीचं बोलू नोको. त्यायच्या घरात राहाचं आहे तुले."

"कोणाच्या घरात?"

मायनं पुढची जुडी हातात घेतली. बाबायची जागा ती. बाबा बिछान्यावर पडले तेव्हा औषधपाणी माझ्याच मशीनवर चाललं, हे मायले माहीत नाई असं नाई. पण 'त्यायच्या' हा शब्द तिच्या तोंडातून इतका सहज निघाला, की मले समजलं हा शब्द ह्या घरात कधीपासूनच आहे, मीच ऐकला नव्हता. मायचा मले राग आला. अजून गेला नाई.

मंग एक दिवस ब्लाऊज टाकाले आलेली एक पोरगी म्हणे, "ताई, तुम्ही तं फेमस झाल्या." मोबाईल दाखवला. मी होती. बुडावर सरकत, तोंड घामेजलेलं, मागं कसलं तरी गाणं लावलेलं. खाली लिहिलं होतं, दिव्यांग भगिनींसाठी खास. लोकायनं खाली हात जोडलेले टाकले होते, फुलं टाकली होती. पायात बूट नाई, कुबडी नाई. पाहणाऱ्याले वाटेल ही बाई जन्मभर अशीच.

वयनी बाजूले होती. तीही वाकून पाहाले लागली आन् कौतुकानं म्हणे, "याच्यापायीच तं शेठनं हॉलच्या टाईल्सचा भाव कमी केला. तुझ्यामुळंच झालं पाहा सगळं."

बोलून गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिले वाटलं मी खुश होईन.

भाऊ शाळेतून आला तेव्हा मी दारातच बसली होती. "व्हिडिओचं आधीच ठरलं होतं?" मी विचारलं.

"त्यात काय झालं? तुझी फरशी बी त्यातच आली ना."

"म्हणजे दुप्पट बोजारा भेटला."

तो थांबला. त्याले आठवलं. तोंडावरून दिसलं मले, आन् मले तेवढंच पाहाचं होतं. तो हात-पाय धुवाले गेला.

त्या रात्री मी काही रडली नाई. राग होता, आन् रागानं मले झोप बी चांगली लागली.

सकाळी मी बूट घातला, कुबडी घेतली आन् दोन गिऱ्हाईक बायायले म्हटलं, जरा मशीनले हात लावा. मोटर लावलेलं माझं मशीन त्यायनं उचललं आन् समोर नव्या घरात नेलं. "कुठं ठेवू ताई?" "हॉलमधी. मधोमध." मिस्त्रीच्या बोर्डातून वायर घेतली, खुर्ची टाकली आन् शिवाले बसली.

दुपारी ट्रक आला. पांढऱ्या टाईल्सचे खोके अंगणात उतरले. मिस्त्री आत आला, म्हणे, "ताई, मशीन सरकवा लागते. मसाला टाकतो."

"नाई सरकवत."

त्याले वाटलं मी गंमत करून राह्यली. भाऊले फोन गेला. भाऊ आला, वयनी आली, माय दाराबाहेर उभी राह्यली. भाऊ म्हणे, "हा काय तमाशा आहे?"

"फरशी पडल तं अख्ख्या घरात एकच पडल," मी म्हटलं. "हॉलमधी तीच, किचनमधी तीच, माझ्या खोलीत तीच. मले जिच्यावर चालता येते ती. आन् तो उंबरठा फोडाचा."

"तुझ्यापायी आम्ही सगळ्यायनं बाथरूमच्या फरशीवर राहाचं का?"

"तुमच्यापायी मी गाडी उभी कराच्या फरशीवर राहाचं होतं ना?"

वयनी माझ्या बुटाकडं पाहून राह्यली होती. म्हणे, "नव्या घरात पहिलं पाऊल बुटाचं. लक्ष्मी येईल का अशानं?"

"पाऊलच आहे वयनी ते," मी म्हटलं. "माझं आहे. माझ्याकडं दुसरं नाई. उद्यापासून घरात हे काढणार नाई मी. पुसून येईन, धुऊन येईन, घरातला वेगळा बूट करून घेईन. पण काढणार नाई. देवाले चालत नसेल तं देवानं सांगावं."

मायनं तोंडाले पदर लावला. भाऊ ओरडला, मुहूर्त जाईल, पाहुण्यायले सांगून झालं, मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मिस्त्री खरंच गेला. मुहूर्त बी गेला.

मी रोज सकाळी येऊन हॉलमधी बसली. बाया माप देयाले समोरच्या दारातून यायच्या, चपला घालून, काँक्रीटवरून. मी उभी राहून माप घेतलं. गावात बोलणं झालं. पाय गेला तं गेला, डोकं बी गेलं म्हणे. बोलणाऱ्यायचे ब्लाऊज बी मीच शिवले, आन् बिघडवले नाई.

वयनी बोलणं टाकून होती. भाऊ आत-बाहेर करे. मंग एक दिवस म्हणे, "चाल. तूच निवड."

मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. असं 'चाल' मी आधी बी ऐकलं होतं. चहाचा पहिला कप बी आठवला. त्या सकाळी चहा मी घेतलाच नाई, पाणी पिऊन निघाली.

दुकानाच्या पायरीवर तोच ढीग होता. तीच पाटी. मी कुबडी टेकली, पायरी चढली आन् आत गेली. कुबडी त्या चकचकीतवर घसरली, मी दाराची चौकट धरली, पुन्हा टेकली. ठक, ठक. शेठ उठून उभा राह्यला. "ताई, बूट—"

"तुम्ही पाय बाहेर ठेवून आत आले का शेठजी?"

तो भाऊकडं पाहाले लागला. "तिकडं नाई," मी म्हटलं, "माझ्याशी बोला. आधी तो व्हिडिओ पेजवरून काढा."

त्यानं माझ्यासमोर काढला. दुसरीकडं ठेवला असेल, मले माहीत आहे. मंग मी म्हटलं, मॅट दाखवा, सगळे. आन् बादलीभर पाणी आणा.

त्यानं मांडले. मी पाणी ओतलं आन् एकेकावर बूट घालून उभी राह्यली. कुबडी टेकून, सोडून, वळून. काही सटकले. मंग खाली बसली, पट्टे सोडले, बूट मांडीवर घेतला आन् हातानं सरकून पाह्यलं, माझ्या मनानं. कोणी मोबाईल काढला नाई. एक सापडली, राखेच्या रंगाची, दिसाले काही खास नाई. ओली असून कुबडी धरत होती. तळवा सोलला नाई.

"ही," मी म्हटलं. "अख्ख्या घराले."

शेठ म्हणे, "हॉलले शोभणार नाई." भाऊनं मापाचा कागद शेठसमोर ठेवला. वयनी गाडीतच बसून होती.

पांढरे खोके परत न्याचं ठरलं. नवी फरशी चार-आठ दिवसात येते म्हणतात. म्हणतात. माझा कोणावर विश्वास नाई. उंबरठा अजून फोडला नाई, रोज सकाळी मी आधी जाऊन तो पाहते. कदाचित खोके येतील आन् वरच्या थरात राखाडी असेल, खाली पांढरी. मिस्त्री म्हणेल, कमी पडली, हॉलले दुसरी टाकू. माय म्हणेल, जाऊ दे ना बाई.

म्हणून मशीन अजून हॉलच्या मधोमध आहे. ट्रक आला की मी खोका न् खोका फोडून पाहणार आहे. पाणी ओतून, बूट घालून उभी राहून. मिस्त्रीले सांगून ठेवलं आहे, पहिले माझी खोली घे, मंग किचन, मंग हॉल भिंतीकडून घेत घेत मधात ये. सगळ्यात शेवटची फरशी माझ्या मशीनखाली पडल. तेवढ्यापुरतं मी मशीन उचलू देईन. मंग ते परत तिथंच ठेवाचं आहे.